गोडव्याला मसाल्याची वेसण

व्हॅनिला हा शब्द कानी पडला की भारतीय मनासमोर सर्वप्रथम उभा राहतो तो आईस्क्रीमचा कप. त्यापाठोपाठ कस्टर्ड पावडरचा डबा आणि केकच्या मिश्रणात चार थेंब टाकण्यासाठी आणलेली इसेन्सची चिमुकली बाटली. त्यामुळे व्हॅनिलाचा परफ्यूम अंगाला लावायचा ही कल्पनाच अनेकांना विनोदी वाटते. खाण्याच्या पदार्थाचा वास अंगाला येऊ द्यायचा कशासाठी, आणि तोही पुरुषाने? तथापि, गेल्या दोन दशकांत दिल्ली, मुंबई, बंगळूर अशा शहरांतील मोठ्या दुकानांच्या काचेच्या कपाटांत एका विशिष्ट प्रकारच्या कुप्या हळूहळू स्थिरावल्या आहेत. त्यांच्यावर ‘पुरुषांसाठी’ किंवा ‘स्त्रियांसाठी’ असा शिक्का नसतो. आत व्हॅनिला असते, पण एकटी नसते. लवंग, वेलची, मिरी, आले, केशर, तंबाखूचे पान यांपैकी काही मंडळी तिच्या सोबतीला असतात.

यांतील नामवंत कुप्यांची किंमत काही हजारांत, प्रसंगी काही दहा हजारांत जाते. अनेक घरांत आवर्ती ठेवीत वर्षभर भरली जाणारी रक्कम पन्नास मिलिलिटरच्या एका बाटलीत मावते. असे असूनही ती बाटली दुकानातील थंड हवेत, कागदाच्या पट्टीवर, दहा मिनिटांत हुंगून घेतली जाते आणि दोन महिन्यांत कपाटाच्या मागच्या फळीवर जाऊन बसते. दोष बहुतेक वेळा सुगंधाचा नसतो, पारख करताना झालेल्या घाईचा असतो. आणि मसालेदार व्हॅनिला हा तर घाई करणाऱ्याला हमखास फसवणारा प्रकार आहे.

शेंग, गुलाम मुलगा आणि प्रयोगशाळा

व्हॅनिला ही आर्किड कुळातील वेल. तिचे माहेर मेक्सिको. तेथील टोटोनाक लोकांनी तिची जोपासना केली आणि ऍझ्टेक राजदरबारात ती कोकोच्या पेयात मिसळली जाई. तिचे फूल एकाच सकाळी उमलते आणि काही तासांत मिटते. स्पॅनिश लोकांनी शेंग युरोपात नेली, वेलही जगभर गेली, पण मेक्सिकोबाहेर तिला शेंगा धरेनात. कारण परागीभवन घडवून आणणारे कीटक तेथे नव्हते. हा पेच व्यवहारात सुटला तो हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर, १८४१ साली. त्या बेटाचे तेव्हाचे नाव बूर्बों. एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातील पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबून बसविण्याची युक्ती शोधली. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत प्रत्येक फूल याच रीतीने, हाताने फळविले जाते. अल्बियस १८४८ साली गुलामगिरीतून मुक्त झाला आणि १८८० साली दारिद्र्यातच मरण पावला. ‘बूर्बों व्हॅनिला’ हे शब्द मात्र महागड्या खोक्यांवर आजही दिमाखाने छापले जातात.

वेलीवरून काढलेल्या हिरव्या शेंगेला म्हणण्यासारखा वास नसतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सुमारे नऊ महिने वेलीवर पोसलेली शेंग गरम पाण्यात बुडवून काढतात, कांबळ्यांत गुंडाळून तिला घाम आणतात, ऊन-सावलीत वाळवतात आणि मग पेट्यांत काही महिने मुरत ठेवतात. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून जेमतेम एक किलो काळसर, तेलकट, सुगंधी शेंगा हाती येतात. या सुगंधाचा मुख्य घटक व्हॅनिलिन. तो १८५८ साली वेगळा करण्यात आला आणि १८७४ साली टीमन व हार्मन या दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी सूचिपर्णी वृक्षांतील एका द्रव्यापासून तो प्रयोगशाळेत बनविला. आज जगात वापरल्या जाणाऱ्या व्हॅनिलिनपैकी शेंगेतून येणारा भाग अत्यल्प आहे.

कृत्रिम म्हणून नाक मुरडण्याचे मात्र कारण नाही. पॅरिसच्या गेरलां या घराण्याने १८८९ साली ‘जिकी’ हा परफ्यूम बाजारात आणला तो याच नव्या व्हॅनिलिनच्या आधारावर, आणि आधुनिक सुगंधकलेचा आरंभ जाणकार त्याच कुपीपासून मोजतात. फरक आहे तो पोताचा. निव्वळ व्हॅनिलिन गोड, सरळ आणि सपाट असते. शेंगेच्या अर्कात त्या गोडव्याच्या आजूबाजूला धूर, चामडे, सुकामेवा, किंचित मद्याचा झाक देणारा वास असे अनेक स्तर असतात. परफ्यूम बनविणारा कुशल असेल तर तो स्वस्त व्हॅनिलिनच्या भोवतीही हे स्तर उभे करतो. कुशल नसेल तर महागड्या खोक्यातूनही बेकरीच बाहेर पडते.

एकाच कुळातील भावंडे

व्हॅनिलाशेजारी मसाले आणून बसविणे हा पाश्चात्त्यांचा लहरी खेळ नव्हे. त्यामागे रसायनाचे नाते आहे. व्हॅनिलिनच्या रेणूचा जो गाभा, तोच लवंगेतील युजेनॉलचा गाभा. एके काळी लवंगेच्या तेलापासून व्हॅनिलिन तयार करण्याची पद्धतच रूढ होती. आल्यातील जिंजेरॉलचा गाभा तोच, हळदीतील कर्क्युमिनमध्ये तर तो दोनदा येतो आणि मिरचीला जहाल करणाऱ्या कॅप्सेसिनच्या एका टोकालाही तोच असतो. आपल्या शरीरातील तिखटाची जाणीव करून देणाऱ्या ग्राहीला शास्त्रज्ञ ‘व्हॅनिलॉइड ग्राही’ म्हणू लागले ते यामुळेच. त्या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आईस्क्रीम आणि ठेचा यांचे मूळ असे एका घरात निघावे, ही गंमत स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

या नात्यामुळे लवंग व्हॅनिलाला चिकटून बसते, परकी वाटत नाही. वेलचीचे काम वेगळे: तिच्यातील कापरासारखा थंडावा गोडव्याला हवा देतो. काळी मिरी कोरडेपणा आणते. ‘गुलाबी मिरी’ म्हणून ज्याचा उल्लेख असतो ते वस्तुतः मिरी नव्हेच. ते आंबा-काजूच्या कुळातील एका दक्षिण अमेरिकी झाडाचे फळ, आणि त्याचा वास मिरीपेक्षा अधिक ताजा व फुलाफुलांचा. दालचिनी उबदार, पण जपून वापरण्याची, कारण ती त्वचेला झोंबते. केशराला परफ्यूममध्ये मधापेक्षा चामड्याची आठवण करून देणारा वास येतो.

येथे भारतीय नाकापुढे एक अडचण उभी राहते. पॅरिस किंवा न्यूयॉर्कमधील ग्राहकाला वेलची आणि जायफळ म्हणजे दूरदेशीचे, गूढ असे काही वाटते. या जातीच्या परफ्यूमना तेथे दीर्घकाळ ‘ओरिएंटल’ म्हटले जाई. सुगंधांचे वर्गीकरण करणारे मायकेल एडवर्ड्स यांनी २०२१ साली तो शब्द सोडून ‘अँबरी’ हा शब्द स्वीकारला. आपल्याकडे मात्र वेलची-जायफळ म्हणजे श्रीखंड, बासुंदी, मसाला दूध. त्यामुळे व्हॅनिलात वेलची पडली की पाश्चात्त्य समीक्षकाला जे दूरदेशीचे भासते, ते आपल्याला कोजागरीचे दूध भासण्याचा संभव असतो. म्हणून परदेशी अभिप्राय वाचून कुपी मागविणे धोक्याचे. लवंग, मिरी, तंबाखू, धूप यांकडे झुकणारी मिश्रणे आपल्याकडे अंगावर अधिक शोभतात आणि वेलची-केशराकडे झुकणारी ताटातली वाटतात, असा एक स्थूल आडाखा बांधता येतो. अपवाद अर्थातच असतात.

गोड वास आणि आधीच जिंकलेला न्यायाधीश

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊ भिन्न संस्कृतींमधील २२५ व्यक्तींना निरनिराळे वास हुंगायला देण्यात आले. त्यांत शिकार आणि कंदमुळांवर जगणारे समाज होते, तसेच शहरी लोकही होते. सर्वांत सुखद ठरले ते व्हॅनिलिन. आवडनिवड ठरविण्यात संस्कृतीचा वाटा अगदी लहान निघाला. रेणू कोणता आणि व्यक्ती कोण, यांवरच बहुतेक सारे अवलंबून होते.

पारख करणाऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची नव्हे, सावध होण्याची बाब आहे. चंदन, ऊद, कस्तुरी यांच्यापुढे नाक थोडे थबकते, विचार करते. व्हॅनिलापुढे ते थबकतच नाही. फवारा उडताक्षणी मन होकार देऊन मोकळे होते. विक्रेत्याला हे चांगले ठाऊक असते. म्हणूनच मसालेदार व्हॅनिला हातात आल्यावर ‘हा वास आवडला का?’ हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. उत्तर बहुधा होकारार्थीच येणार. विचारायचे ते हे, की मसाला गोडव्याला कोठपर्यंत आवरून धरतो आणि तो ओसरल्यावर मागे काय उरते.

याचे कारण परफ्यूमच्या घडणीतच आहे. हलके रेणू आधी उडतात, जड रेणू मागे राहतात. वेलची, मिरी, लिंबूवर्गीय वास हे पहिल्या अर्ध्या तासाचे सोबती. लवंग त्यापुढे काही काळ टिकते. व्हॅनिलिन मात्र तळाशी बसणारे द्रव्य. ते तासन्‌तास रेंगाळते. म्हणजे दुकानात दहा मिनिटांत जे हुंगले जाते तो प्रामुख्याने मसाला असतो, आणि दुपारी चार वाजता शरीरावर जे उरते ती प्रामुख्याने व्हॅनिला असते. ग्राहक एक वस्तू पसंत करतो आणि दुसरीच वस्तू घरी नेतो.

एका कुपीचा दिवस

या वर्गातील सर्वाधिक चर्चिलेली कुपी म्हणजे टॉम फोर्ड यांच्या नावाने २००७ साली आलेली ‘टोबॅको व्हॅनिल’. ती स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणूनच आणली गेली. तंबाखूचे पान, मसाले, व्हॅनिला, टोंका बी, कोको, सुकवलेली फळे आणि गोडसर लाकडाचा रस, असे तिच्या घटकांचे वर्णन निर्मात्यांनीच केले आहे. ती एक दिवस अंगावर वागविली तर मसालेदार व्हॅनिलाचे बहुतेक सारे गुणदोष ध्यानात येतात.

सकाळी आंघोळीनंतर कोपराच्या आतल्या बाजूस एकच फवारा घ्यावा. पहिली दोन मिनिटे मद्यार्काची. त्या वेळी नाक दूरच ठेवावे. त्यानंतर जे वर येते ते अंगावर धावून येणारे असते. लवंग-आल्याची ऊब, आणि त्यामागे तंबाखू. हा तंबाखू पानपट्टीवरचा नव्हे, विडीचा तर नव्हेच. पाइपमध्ये ओढण्यासाठी मुरविलेल्या, मधाळ, किंचित ओलसर पानांचा तो वास आहे; ओढण्याआधीचा, धुराविना. बंद लाकडी पेटी उघडावी तसा. ज्यांना तंबाखूच्या नावानेच नकोसे होते त्यांनाही हा टप्पा बहुधा आवडून जातो.

तासाभरात सुकामेवा पुढे येतो: खजूर, काळ्या मनुका, त्यांच्या बुडाशी कोकोचा कडवटपणा. हा या कुपीचा सर्वोत्तम काळ. मसाला अजून जागा आहे, गोडवा वाढतो आहे, आणि दोघांचे वजन एकमेकांना तोलून धरते. दुपारनंतर मात्र तराजू झुकू लागतो. लवंग विरते, टोंका बीमधील कुमारिन, म्हणजे नुकत्याच कापून वाळत घातलेल्या गवताचा वास, व्हॅनिलात मिसळतो आणि एक जाड, दुधाळ गोडवा मागे राहतो. थंडीच्या दिवसांत तो शालीसारखा वाटतो. मे महिन्यात, चेन्नई किंवा कोलकात्याच्या दमट हवेत, तो उतू गेलेल्या पाकासारखा चिकटतो. निर्णय करायचा झाला तर असे म्हणावे लागेल की ‘टोबॅको व्हॅनिल’ हा उत्तम बांधणीचा, पण आपल्या देशातील बहुतेक महिन्यांसाठी फार जड असा परफ्यूम आहे. दिल्ली, चंडीगढ, भोपाळ येथील डिसेंबर-जानेवारीत त्याला तोड नाही. मुंबईत एका फवाऱ्यापलीकडे जाणे म्हणजे शेजाऱ्यांची परीक्षा पाहणे.

याउलट पॅरिसच्या ‘दिप्तिक’ या संस्थेने २०१० साली आणलेली ‘ओ द्युएल’ ही कुपी. येथेही व्हॅनिलाच आहे, पण गुलाबी मिरी आणि धुपासारखा कोरडा सुवास तिला शेवटपर्यंत पातळ ठेवतात. पहिल्या दहा मिनिटांत ती ‘टोबॅको व्हॅनिल’पुढे फिकी पडते, दुकानात दोन्ही शेजारी हुंगल्या तर शंभरातील नव्वद जण पहिलीच उचलतील. सहा तासांनंतर मात्र चित्र पालटलेले दिसते. ‘ओ द्युएल’ मनगटाजवळ अजूनही कोरडी, नीटस असते. कागदाच्या जुन्या वहीसारखी. दुकानातली पसंती आणि दिवसाअखेरची पसंती यांत केवढे अंतर पडू शकते, ते या दोन कुप्या एका दिवशी दोन हातांवर लावून पाहिल्यास कोणाच्याही प्रत्ययास येईल.

पारख करताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. कागदी पट्टीचा उपयोग फक्त नापसंत कुप्या बाजूला सारण्यापुरता. पसंती अंगावरच ठरावी. त्वचेची ऊब आणि तेलकटपणा यांमुळे एकच परफ्यूम दोन व्यक्तींवर वेगळ्या वेगाने उलगडतो. कोरड्या त्वचेवर तो लवकर उडतो, तेव्हा आधी बिनवासाचे क्रीम लावल्यास फरक पडतो. एका खेपेस दोनच कुप्या, दोन हातांवर एकेक; तिसरीपाशी नाक हरवते. दुकानात कॉफीच्या बियांची वाटी पुढे करण्याची रीत आहे, पण तिचा गुण साध्या मोकळ्या हवेहून अधिक नाही. आपल्या सदऱ्याची स्वच्छ बाही हुंगली तरी तेच साधते. मनगटावर मनगट घासल्याने सुगंधाचे रेणू ‘फुटतात’ ही समजूत खरी नव्हे. मात्र घर्षणाच्या उष्णतेने सुरुवातीचा मसाला लवकर उडून जातो, आणि येथे तर मसाल्यासाठीच पैसे मोजलेले असतात.

सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच आहे. नाक सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे काही वेळाने थांबविते. लावणाऱ्यास वाटते की वास उडाला. आणि तो आणखी दोन फवारे मारून लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्टमधील इतरांना मात्र तिन्ही वेळचे फवारे एकदम जाणवतात. व्हॅनिलासारख्या चिवट द्रव्याच्या बाबतीत ही चूक नित्याची आहे. बँकेचा काउंटर असो, शाळेचा वर्ग असो वा रेल्वेचा वातानुकूलित डबा, समोरच्या व्यक्तीला तेथून उठून जाण्याची सोय नसते. एखाद्यास दमा असतो, कोणास तीव्र वासाने अर्धशिशी उठते. स्वतःचे नाक साक्षीदार म्हणून अविश्वसनीय ठरले की घरातील माणसाला विचारावे, तेही हातभर अंतरावरून: वास येतो का, आणि कशाचा? ‘छान येतो’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘केकचा येतो’ किंवा ‘लाकडाच्या कपाटाचा येतो’ असे काही ठोस हाती लागले तर त्याचा उपयोग. घरातील मुले या कामी मोठ्यांपेक्षा अधिक प्रामाणिक असतात.

दोघांची कुपी

स्त्रियांचा सुगंध वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, ही विभागणी जितकी पुरातन भासते तितकी ती नाही. ‘जिकी’ स्त्रिया व पुरुष दोघेही लावीत. त्याच घराण्याचा १९२५ साली आलेला ‘शालिमार’ मोगल उद्यानाचे नाव घेऊन आला, व्हॅनिलिनपेक्षा कित्येक पट तीव्र अशा इथाइल व्हॅनिलिनच्या बळावर उभा राहिला, आणि स्त्रियांचा म्हणून विकला गेला. विसाव्या शतकातील जाहिरातींनी फुले व गोडवा स्त्रियांकडे आणि लाकूड, चामडे, लव्हेंडर पुरुषांकडे अशी वाटणी पक्की केली. १९९४ साली ‘सीके वन’ने दोघांसाठी एक बाटली ही कल्पना पुन्हा घरोघरी पोचविली, पण ती लिंबू-साबणाच्या स्वच्छ वासाची होती. गोडव्याची वाटणी मोडायला आणखी दशकभर जावे लागले, आणि ती मोडली मसाला-तंबाखूच्या मध्यस्थीने. पुरुषाला व्हॅनिला लावण्यास जणू लवंगेचे निमित्त हवे होते.

आपल्याकडे ही मध्यस्थी कधी लागलीच नाही. लग्नमंडपात दारी उभे राहून अत्तर लावणारा हात समोरच्याचे मनगट स्त्रीचे की पुरुषाचे हे पाहत नसे. अत्तरदाणी एकच, गुलाबदाणी एकच. हळदीकुंकवाच्या दिवशी बायकांच्या मनगटावर ज्या कुपीतले बोट फिरे, त्याच कुपीतला फाया घरातील वडीलधारे कानात ठेवीत. उत्तर प्रदेशातील कनौज येथे तांब्याच्या देगेतून आणि भपक्यातून आजही निघणारे ‘शमामा’ हे अत्तर तर मसालेदार सुगंधाचा मूर्तिमंत नमुना आहे. त्यात अनेक वनौषधी आणि मसाले एकत्र येतात: लवंग, वेलची, जायफळ, नागरमोथा आणि ‘छडीला’. हा छडीला म्हणजे आपले दगडफूल, गोड्या मसाल्यात पडणारे. शमामा थंडीत लावायचे, आणि ते कोणीही लावायचे. त्यात व्हॅनिला नाही, तथापि ऊब, मसाला आणि तळाशी चंदनी गोडवा ही मांडणी पाहिली, तर परदेशी कुप्यांतील अपूर्वाई काहीशी ओसरते. ज्यांना दहा-वीस हजार रुपये खर्च करण्यापूर्वी मसालेदार सुगंध अंगावर झेपतो की नाही हे पाहायचे असेल, त्यांनी प्रथम शमाम्याची दोन-तीन मिलिलिटरची शिशी आणून आठवडाभर लावून पाहावी. खर्च किरकोळ, धडा मोठा.

किमतीविषयी थोडेसे

नैसर्गिक व्हॅनिलाचा बाजार अत्यंत चंचल आहे. जगातील बहुतांश शेंगा मादागास्करमधून येतात. तेथे एप्रिल २००० मध्ये आलेल्या ‘हुडा’ चक्रीवादळानंतरच्या वर्षांत भाव कडाडले, आणि केरळ-कर्नाटकातील सुपारी, नारळ, कॉफीच्या बागांत शेतकऱ्यांनी मोठ्या आशेने व्हॅनिलाचे वेल चढविले. लागवडीसाठी वेलाचे तुकडेही चढ्या दराने विकले गेले. वेल लावल्यापासून शेंगा धरेपर्यंत तीनेक वर्षे जातात. अनेकांच्या शेंगा हाती आल्या तोवर भाव कोसळला होता. २०१७ सालच्या ‘एनावो’ वादळानंतर पुन्हा तेच चक्र फिरले आणि २०१८ साली किलोचा भाव सहाशे डॉलरच्या आसपास, म्हणजे वजनास वजन चांदीहून अधिक झाला. मादागास्करमधील शेतकरी चोरीच्या भयाने वेलीवरच्या हिरव्या शेंगांवर टाचणीने आपली खूण टोचून ठेवतात. पुढे हाही भाव पुष्कळ उतरला.

या चढउतारांचे पडसाद दुकानातील कुपीच्या किमतीवर फारसे उमटत नाहीत, कारण त्या किमतीत आतल्या सुगंधी द्रव्याचा वाटा लहान असतो. नाव, काच, खोका, जाहिरात आणि दुकानाची जागा यांचा मोठा. तेव्हा ‘महाग आहे म्हणजे अस्सल शेंगेचा असणार’ हा तर्क टिकत नाही. हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा. एका फवाऱ्यात साधारणतः ०.१ मिलिलिटर द्रव निघतो. म्हणजे ५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ५०० फवारे. बाटली २०,००० रुपयांची धरली तर एक फवारा ४० रुपयांचा. हिवाळ्यातील शंभर दिवस, रोज एक फवारा, या गतीने ती पाच हिवाळे पुरेल. ज्याला वर्षभर दमट किनाऱ्यावरच राहायचे आहे त्याने या हिशेबात लावता येतील असे दिवस किती, एवढे प्रामाणिकपणे मोजावे. बहुतेकदा दहा मिलिलिटरची छोटी आवृत्ती पुरेशी ठरते. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या ‘अस्सल’ कुप्यांच्या नादी लागू नये. या नामांकित परफ्यूमच्या नकला सर्वत्र विकल्या जातात आणि व्हॅनिलाची नक्कल पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येणे फार कठीण, कारण गोडवा स्वस्तात उभा करता येतो. नक्कल उघडी पडते ती संध्याकाळी.

खोक्यावरील बारीक अक्षरेही वाचावीत. युजेनॉल, सिनॅमल, कुमारिन अशी नावे तेथे दिसतात. काहींच्या त्वचेला या द्रव्यांची अॅलर्जी असते, आणि मसालेदार परफ्यूममध्ये ती असणारच. पूर्वी कधी अत्तराने चट्टे उठले असतील तर फवारा त्वचेऐवजी कपड्यावर घ्यावा. पांढऱ्या सदऱ्यावर, फिकट रेशमी साडीवर मात्र नको. व्हॅनिलिन हवा आणि उजेड लागताच हळूहळू तपकिरी होते, आणि तो डाग धोब्याच्याही हाताबाहेरचा असतो. रंगीत, जाड कपड्याचे अस्तर त्यासाठी उत्तम. लोकरी कोटाच्या अस्तरावर डिसेंबरात घेतलेला एक फवारा दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरून कोट उचलताना पुन्हा भेटतो, आणि तोपर्यंत त्यातला आरडाओरडा निघून गेलेला असतो. कपड्यावर त्वचेची ऊब नसल्याने मसालाही तेथे अधिक काळ तग धरतो.

कुपी घरी आणल्यावर तिची जागा न्हाणीघरातील फळी किंवा उन्हात येणारे ड्रेसिंग टेबल ही नव्हे. मूळ खोक्यातच, कपाटाच्या अंधाऱ्या, थंड कप्प्यात ती ठेवावी. दोन-तीन वर्षांत आतला द्रव मधाच्या रंगावरून गर्द तपकिरी रंगाकडे गेलेला दिसेल. तो बिघाड समजून पुष्कळ जण बाटली टाकून देतात. वास आंबट वा धातूसारखा झाला नसेल तर तसे करण्याचे कारण नाही. तो रंग व्हॅनिलिनचा असतो.